गदा दिलीत, आता मत द्या : महाराष्ट्राच्या कुस्ती संघटनांना खुले पत्र

प्रति,
महाराष्ट्रातील कुस्ती संघटनांचे अध्यक्ष, सरचिटणीस आणि कार्यकारिणीचे सर्व सदस्य,
तसेच क्रीडा व युवक सेवा संचालनालयातील अधिकारी

सप्रेम रामराम.

मागणी आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना संशय राहणार नाही. या राज्याला पदकं आणि गदा मिळवून देणाऱ्या मल्लांना तुमच्या कार्यकारिणीत बसण्याचा आणि मत देण्याचा हक्क मिळावा. त्यांचे प्रतिनिधी त्यांनीच निवडावेत, तुम्ही नेमू नयेत. आणि लढणं थांबलं की त्यांच्यासाठी शिकवण्याचं आणि पंचगिरीचं पगारी काम तयार असावं. आज यातलं जे काही होतं ते कुणाच्या तरी मर्जीनं होतं. ते नियमानं व्हावं.

मी कुठल्या गटाचा नाही. कोल्हापूर जिल्ह्यात माध्यमिक शाळेवर क्रीडाशिक्षक होतो. शाळेची पोरं तालुक्याला, जिल्ह्याला, विभागाला घेऊन जायची, वजनं करून घ्यायची, रात्री कुठल्या तरी शाळेच्या वर्गात सतरंजीवर झोपवायची आणि सकाळी लढवायची, यात नोकरी गेली. त्या पोरांतले काही मोठे मल्ल झाले. मोठे झालेले पुढे तिशी-पस्तिशीत काय करतात, हेही जवळून पाहिलं. त्या पाहण्यातून हे पत्र लिहितो आहे.

खाशाबा जाधवांपासून सुरुवात करू. त्यांचं नाव आपण सगळेच घेतो, पण त्यांच्या आयुष्यातला जो भाग तुमच्या कामाशी थेट जोडलेला आहे, त्याच्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. कराडजवळच्या गोळेश्वरचा हा मल्ल १९४८ साली लंडनला फ्लायवेट गटात लढला आणि सहावा आला. गादीवरची कुस्ती त्याला तेव्हा जवळपास नवीन होती. चार वर्षांनी हेलसिंकीला जायची वेळ आली तेव्हा पैसे नव्हते. राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले, गावकऱ्यांनी वर्गणी काढली, आणि खाशाबा गेले. जुलै १९५२ मध्ये ५७ किलो गटात त्यांनी कॅनडा आणि मेक्सिकोच्या मल्लांना हरवलं आणि कांस्यपदक आणलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक.

एवढं सगळ्यांना पाठ आहे. पुढचं ऐका. जपानच्या शोहाची इशीशी त्यांची लढत फार लांबली. ती संपते न संपते तोच त्यांना सोव्हिएत संघाच्या रशीद ममदबेयोवशी लढायला बोलावलं गेलं, असं सांगितलं जातं. दोन लढतींच्या मध्ये अर्धा तास विश्रांती देण्याचा नियम होता. तो दाखवून हरकत घेणारा भारताचा एकही अधिकारी तिथे हजर नव्हता. दमलेला माणूस तसाच पुन्हा गादीवर उभा राहिला आणि हरला.

विश्रांती मिळाली असती तर पदकाचा रंग बदलला असता का, हे कुणी सांगू शकणार नाही. पण लढायचं काम मल्लाचं होतं आणि नियमावर बोट ठेवायचं काम संघटनेचं होतं. मल्लानं त्याचं काम केलं, संघटनेची माणसं मात्र गादीच्या कडेला नव्हती. तुमच्या पदाचा खरा उपयोग मल्लाला कुठे लागतो, याचं यापेक्षा स्पष्ट उदाहरण मला माहीत नाही. उद्घाटनाला, हारतुऱ्याला कुणीही चालतं. नियमपुस्तक तोंडपाठ असलेला आणि वेळ आली तर चार माणसांत आवाज चढवून बोलणारा माणूस कडेला लागतो.

परत आल्यावर खाशाबांनी काय केलं? कुस्त्या लढून पैसे जमवले आणि खर्डेकर सरांचं गहाण सोडवायला मदत केली. १९५५ मध्ये पोलीस खात्यात उपनिरीक्षक म्हणून लागले. खात्याच्या स्पर्धा गाजवल्या, खात्यातल्या खेळाडूंना शिकवलंही. पण बढती अनेक वर्षं लांबली. सहायक पोलीस आयुक्त म्हणून ते निवृत्त झाले आणि १९८४ साली अपघातात गेले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर. पद्म पुरस्कार आजवर नाही. पुरस्कारांची हळहळ सगळेच करतात. मला जास्त लागतं ते वेगळंच. दोन ऑलिम्पिक लढलेला, परदेशी मल्लांची पकड स्वतःच्या मानेवर सोसलेला, गादी आणि माती यांतला फरक अंगानं शिकलेला हा माणूस ऐन उमेदीत होता, आणि राज्याची कुस्ती कुठल्या दिशेनं न्यायची हे ठरवण्याचं काम त्याच्यावर कुणी सोपवलं नाही. कुस्तीत भारताला पुढचं ऑलिम्पिक पदक मिळालं २००८ साली, सुशील कुमारच्या रूपानं. मध्ये ५६ वर्षं गेली. महाराष्ट्राच्या खेळाडूला पुढचं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक मिळायला तर २०२४ उजाडावं लागलं, तेही नेमबाजीत, कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेमुळे. कुस्तीत महाराष्ट्र अजून हेलसिंकीवरच थांबला आहे.

आता ज्या गटात खाशाबांना कांस्य मिळालं, त्याच गटात सुवर्ण घेऊन गेलेल्या इशीच्या देशाकडे बघा. हेलसिंकीत जपानला मिळालेलं ते एकमेव सुवर्ण. त्या काळात जपानची कुस्ती संघटना चालवत होते इचिरो हत्ता, जे स्वतः १९३२ च्या ऑलिम्पिकमध्ये लढले होते. आज त्या संघटनेचे अध्यक्ष आहेत हिदेआकी तोमियामा, १९८४ चे ऑलिम्पिक विजेते, तेही ५७ किलोचेच. पॅरिसमध्ये २०२४ साली जपाननं कुस्तीत ११ पदकं घेतली, त्यातली आठ सुवर्ण. मल्ल अध्यक्ष झाला म्हणून पदकं आली, इतका सरळ हिशेब मी मांडत नाही. त्यांच्याकडे शाळांतली कुस्ती आहे, विद्यापीठांची आहे, पैसा आहे. पण लढलेल्या माणसाचं शहाणपण वाया जाऊ द्यायचं नाही, ही शिस्त त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या पाळली.

आपल्याकडे अशी माणसं झाली नाहीत का? झाली, आणि स्वतःच्या जीवावर झाली. गणपतराव आंदळकरांचं आयुष्य बघा. शिराळा तालुक्यातल्या पुनवतचा पोरगा कोल्हापुरात मोतीबाग तालमीत आला, १९६० साली हिंद केसरी झाला. १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत त्यांनी ग्रीको रोमनमध्ये सुवर्ण आणि फ्रीस्टाइलमध्ये रौप्य घेतलं. त्याच स्पर्धेत कवठेपिरानच्या मारुती मानेंनी फ्रीस्टाइलमध्ये सुवर्ण आणि ग्रीको रोमनमध्ये रौप्य घेतलं. सांगली जिल्ह्यातल्या दोन गावांचे दोन मल्ल आणि एका आशियाई स्पर्धेत चार पदकं! आज संपूर्ण राज्यानं मिळून हे करून दाखवलं तर आपण वर्षभर मिरवणुका काढू. दोघांनाही ज्या ग्रीको रोमनमध्ये पदक मिळालं, तिच्यात कमरेखाली पकड चालत नाही, पट काढता, म्हणजे पाय धरून पाडता, येत नाही. पट काढण्यावर वाढलेल्या मातीतल्या मल्लांनी ती कला आत्मसात करून आशियात पदकं आणली होती. १९६४ मध्ये आंदळकर टोकियो ऑलिम्पिकला गेले, त्याच वर्षी अर्जुन पुरस्कार मिळाला.

पण माझ्या दृष्टीनं त्यांचं खरं मोठेपण लढणं थांबल्यावर सुरू झालं. ते मोतीबागेतच वस्ताद म्हणून राहिले आणि पुढची कित्येक दशकं पोरं घडवली. दादू चौगुले त्यांचेच पठ्ठे. दादूंनी १९७० आणि १९७१ अशी सलग दोनदा महाराष्ट्र केसरीची गदा घेतली, नंतर तेही मोतीबागेत वस्ताद झाले, आणि त्यांचा मुलगा विनोदही महाराष्ट्र केसरी झाला. आंदळकर २०१८ मध्ये गेले, दादू २०१९ मध्ये. दोघांनी मिळून अर्ध्या शतकाहून जास्त काळ एका तालमीची मेहनत चालू ठेवली, आणि हे सगळं तालमीच्या, पेठेच्या आणि कोल्हापूरच्या माणसांच्या आधारावर.

वस्ताद म्हणजे नेमकं काय करतो, हे तुमच्यातल्या काहींना माहीत आहे आणि काहींना नाही, म्हणून एक पाहिलेला प्रसंग सांगतो. पहाटेची वेळ, पोरांनी फावड्यानं हौदा उकरून घेतलेला, जोर-बैठका संपून लढती सुरू झालेल्या. पंधरा-सोळा वर्षांचा एक पोरगा जोडीदाराच्या एकेरी पटात शिरला. चपळ होता, पाय हाताला लागलाही. सत्तरीच्या पुढचे वस्ताद कट्ट्यावरून उठले, हौद्यात उतरले आणि दोघांना आहे तसं थांबवलं. पोराचं डोकं जोडीदाराच्या मांडीच्या बाहेरच्या अंगाला होतं. वस्तादांनी त्याची मान दोन्ही हातांनी धरून आत, बरगडीला लावली. "डोकं भायेर ठेवलंस तर त्यो मान धरणार. आत ठेव. आता उठ." पोरगा उठला आणि जोडीदार आपसूक बसला. मग वस्तादांनी तेच पुन्हा करायला लावलं, मग पुन्हा, मग डाव्या पायावर, आणि प्रत्येक वेळी मानेवर हात ठेवून बघितलं, डोकं कुठे आहे. माती झटकत ते परत कट्ट्यावर जाऊन बसले. हे शिक्षण कुठल्याच पुस्तकात मिळत नाही. ज्याची स्वतःची मान कधी तरी तशी धरली गेली आहे, त्याच्याच हातात ते असतं.

त्याच वस्तादांचा पोरगा मी पुढे राज्य पातळीवरच्या एका स्पर्धेत लढताना पाहिला. शेवटची काही सेकंदं राहिली होती. त्यानं प्रतिस्पर्ध्याला रेटत वर्तुळाबाहेर काढलं, एक गुण मिळायला हवा होता, पंचांनी दिला नाही. अशा वेळी कोपऱ्यातल्या प्रशिक्षकानं लगेच चॅलेंज मागायचं असतं, मग व्हिडिओ बघतात. चॅलेंज हुकलं तर समोरच्याला एक गुण मिळतो, म्हणून ते मागायला नजर आणि धाडस दोन्ही लागतं. वस्ताद कोपऱ्यात उभे होते. त्यांना दिसलं होतं, ते ओरडलेही. पण चॅलेंजसाठी गादीवर काय टाकायचं, केव्हा टाकायचं, कुणाला सांगायचं, हे त्यांना आजवर कुणी शिकवलं नव्हतं. वेळ संपली. त्या माणसाकडे कुस्तीचं सगळं ज्ञान होतं, फक्त नव्या नियमांचं शिक्षण त्यांच्यापर्यंत कधी पोहोचलं नाही. ते पोहोचवण्याची जबाबदारी वस्तादांची नव्हती. पंचांचे आणि प्रशिक्षकांचे वर्ग जिल्ह्याच्या ठिकाणी, मराठीत आणि फुकट भरवणं हे संघटनेचं काम आहे.

हरिश्चंद्र बिराजदारांची गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही. निलंगा तालुक्यातला हा मल्ल १९६९ ला महाराष्ट्र केसरी झाला, १९७० च्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्यानं सुवर्ण आणलं, आणि १९७७ मध्ये बेळगावच्या मैदानात दिल्लीच्या सतपालना हरवलं. त्या कुस्तीच्या आठवणी आजही जुनी माणसं तालमीच्या कट्ट्यावर सांगतात. आता दोघांची पुढची वाट बघा. सतपालनी १९८२ ला दिल्लीच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण घेतलं आणि मग ते शिकवायला लागले. त्यांच्या हाताशी छत्रसाल स्टेडियम आलं, राहायची सोय आली, गादी आली, सरकारी क्रीडा खात्यातलं पद आलं. त्याच आखाड्यातून सुशील कुमार निघाला, रवी दहिया निघाला, अमन सेहरावत निघाला, म्हणजे एका स्टेडियममधून ऑलिम्पिक पदकांची रांग. बिराजदारांनी पुण्यात गोकुळ वस्ताद तालमीत पोरं शिकवली, जीव ओतून शिकवली, आणि २०११ मध्ये गेले. त्यांचे पठ्ठे काका पवार ग्रीको रोमनमध्ये देशासाठी लढले, अर्जुन पुरस्कार मिळवला आणि पुण्यात कात्रजला स्वतः कुस्ती संकुल उभं केलं. बिराजदारांकडे आणि नंतर काका पवारांकडे शिकलेल्या पाटोद्याच्या राहुल आवारेनं २०१८ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्ण आणि २०१९ च्या जागतिक स्पर्धेत कांस्य घेतलं. जानेवारी २०२० च्या महाराष्ट्र केसरीच्या अंतिम लढतीत समोरासमोर आलेले हर्षवर्धन सदगीर आणि शैलेश शेळके, दोघंही काका पवारांचेच पठ्ठे.

बिराजदार मैदानात सतपालपेक्षा कमी नव्हते, हे बेळगावनं बघितलं. शिकवण्यातही कमी नव्हते, हे राहुलच्या पदकांनी दाखवलं. फरक पडला तो पाठीशी काय उभं राहिलं त्यात. दिल्लीनं आपल्या मल्लाला स्टेडियम दिलं. आपण आपल्या मल्लाला सत्कार दिला आणि बाकीचं त्याच्यावर सोडलं.

राहुल आवारेला राज्य सरकारनं पोलीस उपअधीक्षक केलं, हे चांगलं झालं. खाशाबांना जे मिळायला अर्धं आयुष्य लागलं, ते या पिढीला पदकाबरोबर मिळतं. पण वर्दी चढल्यावर बंदोबस्त, तपास, बदल्या यांत मल्लाचं काय होतं, हे पोलिसांत गेलेल्या कुठल्याही कुस्तीगिराला विचारा. थेट नियुक्ती देताना त्याच आदेशात लिहिता येणार नाही का, की वर्षातले ठरावीक महिने हा अधिकारी राज्याच्या सराव शिबिरात शिकवील, आणि तो काळ सेवेतच धरला जाईल? संचालनालयानं आणि गृह खात्यानं एकत्र बसून करण्यासारखं हे काम आहे. नवा पैसा फारसा लागणार नाही.

सगळ्यांनाच वर्ग एकची नोकरी मिळणार नाही. विभागापर्यंत, राज्यापर्यंत पोहोचून थांबलेले मल्ल फार मोठ्या संख्येनं आहेत, आणि माझी खरी काळजी त्यांची आहे. खुराक बंद होतो, वजन वाढतं, गुडघा दुखायला लागतो, जत्रेतल्या कुस्त्या कमी होतात. मग कुणी सुरक्षारक्षक होतो, कुणी शेतात परततो, कुणी एखाद्या नेत्याच्या गाडीमागे उभा राहतो. त्यातल्या अनेकांच्या हातात ढाक, निकाल, कलाजंग, लपेट असे सगळे डाव जिवंत असतात. जिल्हा परिषदेच्या शाळांत, आश्रमशाळांत, तालुका क्रीडा संकुलांत त्यांना मानधनावर घ्या. पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा अभ्यासक्रम करायचा असेल त्याची फी राज्यानं भरावी. काही जणांना पंच करा. २०२५ च्या फेब्रुवारीत अहिल्यानगरच्या महाराष्ट्र केसरीत काय झालं ते सगळ्या महाराष्ट्रानं टीव्हीवर बघितलं. निर्णयावरून वाद झाला, एका मल्लानं पंचाला लाथ मारली आणि शेवटी दोन मल्लांवर तीन वर्षांची बंदी आली. पंचावर हात-पाय उगारणं कुठल्याही परिस्थितीत चूकच. पण ज्या दिवशी मल्लांना वाटेल की पंचाच्या खुर्चीत आपल्यासारखाच लढलेला, शिकलेला माणूस आहे आणि दाद मागायची नीट सोय आहे, त्या दिवसापासून असे प्रसंग कमी होतील.

आता राज्यातल्या तुमच्या दोन संघटनांच्या भांडणाविषयी. कुणी कायदेशीर, कुणाला मान्यता, कुणाची बरखास्ती, हे कोर्टातले मुद्दे मी इथे सोडवू शकत नाही. पण त्याचा परिणाम मल्लावर काय झाला ते सांगतो. जानेवारी २०२३ मध्ये पुण्यात महाराष्ट्र केसरी झाली. त्याच वर्षी नोव्हेंबरात धाराशिवला एक आणि फुलगावला एक, अशा दोन वेगळ्या महाराष्ट्र केसरी झाल्या. २०२५ ला फेब्रुवारीत अहिल्यानगरला झाली आणि मार्चमध्ये कर्जतला पुन्हा झाली. १९६१ पासून जी गदा राज्यातल्या एका मल्लाच्या खांद्यावर जायची, ती एका हंगामात दोघांच्या खांद्यावर जाऊ लागली. जिंकलेल्या कुठल्याही पोराचा यात दोष नाही, त्यानं समोर आलेल्या प्रत्येकाला हरवलंच. पण गावात परतल्यावर त्याला "तू कुठल्या गटाचा केसरी?" हा प्रश्न ऐकावा लागतो. दोन संघटना आहेत म्हणून मल्लाला भीती असते, इकडे लढलो तर तिकडे नाव काढून टाकतील. या वादात दोन्ही बाजूंनी मल्लांचं हित पुढे केलं गेलं, आणि दोन्ही बाजूंना मल्लांच्या मताची गरज कधी पडली नाही. मल्लांचं मत असतं तर दोन स्पर्धा झाल्या असत्या, असं मला वाटत नाही.

देशपातळीवर काय झालं तेही आपल्यासमोर आहे. २०२३ मध्ये साक्षी मलिक, विनेश फोगट, बजरंग पुनिया यांच्यासारख्या पदकविजेत्यांना महिला मल्लांच्या लैंगिक छळाच्या तक्रारी घेऊन दिल्लीत जंतर मंतरवर बसावं लागलं. महासंघाच्या निवडणुका वेळेत झाल्या नाहीत म्हणून ऑगस्ट २०२३ मध्ये जागतिक संघटनेनं भारताला निलंबित केलं. तिरंग्याखाली लढायचा हक्क गेला तो मल्लांचा, आणि निवडणूक लांबली ती दुसऱ्यांमुळे. डिसेंबरात निवडणूक झाली. निलंबन उठल्यावर खेळाडू आयोग निवडावा लागला, आणि त्याचा अध्यक्ष म्हणून एप्रिल २०२४ मध्ये निवडून आला तो आपला तीन वेळचा महाराष्ट्र केसरी, नरसिंग यादव. म्हणजे मल्लांना मत दिलं की काय होतं, हे करून बघायला आपल्याला फार लांब जायला नको. शिवाय २०२५ च्या राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायद्यानं राष्ट्रीय महासंघांच्या कार्यकारिणीत नामांकित खेळाडू आणि किमान चार महिला असल्याच पाहिजेत, असं घालून दिलं आहे. राज्य संघटनेनं तसंच करायला कुणाच्या आदेशाची वाट का बघावी?

महिलांचा मुद्दा इथेच सांगतो. सांगलीला २०२३ च्या मार्चमध्ये पहिली महिला महाराष्ट्र केसरी झाली आणि सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीनं ती जिंकली. गावोगावी मुली लंगोटाच्या जागी सिंगलेट घालून गादीवर उतरायला लागल्या, त्यांचे आई-बाप त्यांना सोडायला येतात, हे बघून माझ्या पिढीचा ऊर भरून येतो. पण मुलींच्या शिबिरात महिला प्रशिक्षक नाही, प्रवासात सोबत महिला अधिकारी नाही, तक्रार सांगायची तर ती पुरुषांनीच भरलेल्या खोलीत, असं अजून कित्येक ठिकाणी चालतं. आज लढणाऱ्या मुलींतून उद्याच्या प्रशिक्षक आणि पदाधिकारी घडवायच्या असतील तर त्यांची जागा आत्ताच ठरवून ठेवावी लागेल. दिल्लीत जे घडलं त्यानंतर यावर वाद घालायला वाव उरलेला नाही.

एक गोष्ट वजनाची. आपली गदा खुल्या गटाची, अवजड मल्लांची. प्रेक्षकांना तेच आवडतं आणि परंपराही तीच, मला ती मोडायची नाही. पण खाशाबा ५७ किलोचे होते, राहुल आवारेनं राष्ट्रकुलचं सुवर्ण घेतलं तेही ५७ किलोत. महाराष्ट्राच्या मातीत या बांध्याची पोरं ढिगानं आहेत. त्यांच्यासाठी तेवढ्याच मानाची, तेवढ्याच रकमेची वेगळी गदा का नसावी? हे मी लिहिलं तर शिक्षकाचं मत ठरेल. ५७ किलोतून देशासाठी लढलेला मल्ल कार्यकारिणीत असता तर त्यानं हा ठराव केव्हाच मांडला असता.

जो उत्तम लढला तो उत्तम कारभारी होईलच, असा माझा दावा नाही. पदकविजेत्यांचीही चुकलेली पावलं आपण पाहिली आहेत. हिशेब ठेवणं, स्पर्धा भरवणं, सरकारदरबारी पाठपुरावा करणं ही वेगळी कामं आहेत, आणि तुमच्यातले अनेक जण ती वर्षानुवर्षं पदरमोड करून करत आले आहेत. मामासाहेब मोहोळांसारख्यांनी हे काम उभं केलं म्हणून महाराष्ट्र केसरी आहे, याची जाणीव मला आहे. मी तुम्हाला खुर्ची सोडायला सांगत नाही. शेजारी दोन-चार खुर्च्या मल्लांसाठी टाका आणि त्यांना पूर्ण मताधिकार द्या, एवढंच म्हणतो. त्यांच्याही कार्यकाळाला मुदत असावी, त्यांचेही हिशेब तपासले जावेत.

राज्य सरकारनं खाशाबांचा जन्मदिवस, १५ जानेवारी, राज्य क्रीडा दिन म्हणून ठरवला आहे. येत्या १५ जानेवारीला दोन्ही संघटनांनी मिळून कराडला एक बैठक घ्यावी. तिथे मल्ल प्रतिनिधींची निवडणूक जाहीर करावी, त्यात महिला मल्लांच्या जागा राखीव ठेवाव्यात, आणि पुढची महाराष्ट्र केसरी एकच होईल हे त्याच दिवशी लेखी द्यावं. मतदार यादीचा प्रश्न निघेल हे मला माहीत आहे. गेल्या काही वर्षांत राज्य स्पर्धेत वजन दिलेल्या प्रत्येक मल्लाची नोंद तुमच्याच दप्तरात आहे, तिथून सुरुवात होऊ शकते. तालुक्याच्या नोंदी जिथे सापडत नसतील तिथे आम्ही निवृत्त क्रीडाशिक्षक बसून त्या लावून देऊ. आमच्या जुन्या वह्यांत पोरांची नावं, गावं आणि वजनं अजून आहेत.

आपला नम्र,
कोल्हापूर जिल्ह्यातील एक निवृत्त क्रीडाशिक्षक